फ्रीडॉस 1.3 वरून 1.4 वर: चालतं मशीन बंद न पाडता अपडेट कसं करावं

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत माझ्या काकांचा छोटा कारखाना आहे. तिथे स्प्रिंगचा ताण मोजणारं एक टेस्टिंग मशीन आहे आणि त्याला जोडलेला एक जुना पेंटियम संगणक. संगणकात लांबलचक आयसा कार्ड (जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणारं जोडकार्ड) आहे. मापं घेणारा प्रोग्रॅम डॉसवरच, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालणाऱ्या प्रणालीवरच चालतो. तो लिहून देणाऱ्यांचा पत्ता आता लागत नाही. नवं मशीन घ्यायचं तर काही लाखांचा प्रश्न, आणि हे मशीन अजून अचूक मोजतं.

त्याची मूळ हार्ड डिस्क गेली तेव्हा मी त्यात कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवून फ्रीडॉस 1.3 घातलं. 5 एप्रिल 2025 ला फ्रीडॉस 1.4 आलं. घरच्या संगणकावर मी ते लगेच घेतलं. दोन्हीकडे एकच आवृत्ती असावी, म्हणजे इथली फाइल तिथे बिनधोक चालेल, या विचाराने एका रविवारी कारखान्यातलाही संगणक अपडेट करून टाकला. सोमवारी सकाळी प्रोग्रॅमला कार्डच सापडेना. तीन दिवस माल तपासणीविना पडून राहिला. काका फक्त एवढंच म्हणाले, "अरे, आधी विचारायचं तरी होतंस." ते मला अजून लागून आहे.

चूक एका ओळीची होती, ती पुढे सहाव्या पायरीत सांगतो. ते तीन दिवस कोणाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे सगळं लिहून काढतो आहे. डॉस हौसेने वापरणाऱ्या नव्या मंडळींनाही ते चालेल.

आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची. 'एफडीएनपीकेजी' म्हणजे एफ, डी, एन, पी, के, जी ही सहा अक्षरं. 'कर्नल.सिस' म्हणजे इंग्रजी स्पेलिंगचं कर्नल, टिंब, आणि एस-वाय-एस.

आधी थोडी ओळख

मायक्रोसॉफ्ट एमएस-डॉसचं काम थांबवणार असं दिसल्यावर जिम हॉल यांनी 29 जून 1994 रोजी एक मुक्त डॉस लिहिण्याची घोषणा केली. तेच पुढे फ्रीडॉस झालं. त्याचं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पॅट व्हिलानी यांच्या कामातून आलं. 1.0 आवृत्ती निघायला 2006 उजाडलं. मग 1.1 आली 2012 मध्ये, 1.2 आली 2016 च्या नाताळात, 1.3 फेब्रुवारी 2022 मध्ये आणि 1.4 एप्रिल 2025 मध्ये. दोन आवृत्त्यांमध्ये तीन ते सहा वर्षं जातात, त्यामुळे इथे कसलीही घाई नसते.

विंडोजची सवय असलेल्यांनी एक गोष्ट आधी मनातून काढून टाकावी. इथे रात्री आपोआप येणारं अपडेट नाही. फ्रीडॉस म्हणजे सुट्या पॅकेजांचा संच आहे. कर्नल हे एक पॅकेज, कमांड.कॉम म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारं फ्रीकॉम हे दुसरं, डिस्कचे भाग पाडणारं एफडिस्क तिसरं, फॉरमॅट चौथं. प्रत्येक पॅकेज ही एक झिप फाइल असते. तुम्ही एकच पॅकेज नवं घेऊन बाकी सगळं जुनं ठेवू शकता, आणि कामाच्या मशीनवर बहुतेक वेळा तेच करावं.

पायरी 1: अपडेट हवंच आहे का, ते ठरवा

संगणक नेटवर्कला जोडलेला नाही, एकच प्रोग्रॅम चालवतो आणि बिनतक्रार चालवतो, अशा वेळी माझं स्पष्ट मत आहे की त्याला हात लावू नका. डिस्क बदलायची असेल, एखाद्या साधनातल्या दोषाने तुम्हाला खरोखर त्रास होत असेल, किंवा नवीन काही बसवायला जुनं साधन आड येत असेल, तर करा. हौसेच्या संगणकाची गोष्ट वेगळी, तिथे शिकण्यासाठी करणं हेच पुरेसं कारण आहे.

मशीनवर एमएस-डॉस 6.22 असेल तर फ्रीडॉस घालणं हे अपडेट नसून स्थलांतर आहे. बहुतेक डॉस प्रोग्रॅम फ्रीडॉसवर चालतात, पण विंडोज 3.1 एन्हान्स्ड मोडमध्ये भरवशाने चालत नाही. त्यावर तुमचं काम अवलंबून असेल तर इथेच थांबा.

पायरी 2: सामान गोळा करा

- दोन पेनड्राइव्ह. एक बूट करण्यासाठी, म्हणजे त्यावरून संगणक सुरू करण्यासाठी, एक बॅकअपसाठी. जुन्या संगणकांना फार मोठे पेनड्राइव्ह पचत नाहीत, घरात पडलेले 2 किंवा 4 जीबीचे असतील तर उत्तम.
- आयडीई (जुन्या हार्ड डिस्कची जोडणी) किंवा कॉम्पॅक्ट फ्लॅश यूएसबीला जोडणारं अडॅप्टर.
- पीएस-टू कीबोर्ड. यूएसबी कीबोर्ड चालणं न चालणं बायॉसवर (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमवर) अवलंबून असतं, आणि ऐनवेळी ते कळणं वाईट.
- सीआर-2032 ही नाण्यासारखी बॅटरी.
- वही आणि पेन. फोनमध्ये फोटोही काढा, पण वही हवीच.
- ज्याने इंटरनेटवरून फाइली उतरवता येतील असा दुसरा संगणक.

बॅटरीबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण ती सगळे विसरतात. मदरबोर्डवरची बॅटरी मेलेली असेल तर संगणकाचं घड्याळ मागे जातं. डॉसची तारीख 1 जानेवारी 1980 पासून सुरू होते, त्यामुळे आज कॉपी केलेल्या फाइलींवरही 1980 पडतं. मग नवी फाइल कोणती आणि जुनी कोणती हे यादीत ओळखता येत नाही. शिवाय जुने बायॉस बॅटरीबरोबर डिस्कची सेटिंग्जही विसरतात, आणि बूट न झाल्याचं खापर तुम्ही उगीच अपडेटवर फोडता. म्हणून आधी बॅटरी बदला, बायॉसमध्ये जाऊन तारीख लावा आणि तिथल्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या. बॅटरी काढण्यापूर्वी फोटो घेतलात तर आणखी चांगलं.

पायरी 3: आत्ता काय आहे ते लिहून ठेवा

संगणक नेहमीसारखा सुरू करा आणि ही आज्ञा द्या:

व्हीईआर /आर

फ्रीकॉमची आवृत्ती आणि कर्नलचा क्रमांक दिसेल. तो वहीत उतरवा. मग:

मेम /सी

कोणता ड्रायव्हर किती मेमरी खातो ते इथे कळतं. कन्व्हेन्शनल मेमरी किती मोकळी आहे तो आकडा विशेष जपून लिहा. जुने प्रोग्रॅम 640 केबीच्या आतच जगतात. अपडेटनंतर हा आकडा 20 केबीने घटला तरी एखादा प्रोग्रॅम सुरू व्हायचं नाकारू शकतो.

आता संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या दोन फाइली: एफडीकॉन्फिग.सिस आणि एफडीऑटो.बॅट. दोन्ही सी ड्राइव्हच्या मुळाशी, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या बाहेर, असतात. टाइप या आज्ञेने स्क्रीनवर आणून फोटो काढा, आणि कोणीतरी हाताने घातलेली वाटणारी प्रत्येक ओळ वहीत लिहा. एक सापळा इथेच आहे. फ्रीडॉसचं कर्नल आधी एफडीकॉन्फिग.सिस शोधतं, ती नसेल तरच कॉन्फिग.सिस वाचतं. दोन्ही फाइली असलेल्या मशीनवर लोक कॉन्फिग.सिस बदलत बसतात आणि काहीच फरक पडत नाही म्हणून हैराण होतात.

पायरी 4: परत फिरण्याची वाट आधी बांधा

फाइलींची नक्कल पुरेशी नाही. डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासूनची अख्खी प्रतिमा घ्या. डिस्क किंवा कार्ड बाहेर काढून अडॅप्टरने लिनक्स संगणकाला जोडा आणि डीडी ही आज्ञा वापरा. विंडोज असेल तर डिस्कची प्रतिमा घेणारं कोणतंही मोफत साधन चालेल. डीडी देताना कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं हे दोनदा वाचा. ती दोन नावं उलटी झाली तर मूळ डिस्क पुसली जाते आणि कोणी विचारतही नाही.

मग ती प्रतिमा दुसऱ्या कार्डावर उतरवा आणि तेच कार्ड मशीनमध्ये घालून चालवून बघा. हे दुसरं कार्ड बूट झालं, प्रोग्रॅम उघडला, मशीनने एक माप नीट घेतलं, तरच बॅकअप झाला असं माना. यापुढचे सगळे प्रयोग या नकलेवर करायचे. मूळ कार्ड काढून पिशवीत ठेवायचं.

डिस्क बाहेर काढणं शक्यच नसेल तर निदान एवढं तरी करा:

एक्सकॉपी सी:\ डी:\जुने /ई /एच

'ई'मुळे रिकामे फोल्डरही येतात, 'एच'मुळे लपवलेल्या फाइली येतात. इथे 'जुने' हे फोल्डरचं नाव, ते रोमन लिपीत आठ अक्षरांच्या आत ठेवा. या नकलेत बूट सेक्टर (डिस्कवरून संगणक सुरू करणारा सुरुवातीचा तुकडा) येत नाही, हे ध्यानात असू द्या.

बॅकअप कुठे ठेवता हेही महत्त्वाचं आहे. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी चढली तेव्हा आमच्या कारेलीबागेतल्या घरात तळमजल्यावर पाणी शिरलं. माझ्या जुन्या डिस्क खालच्या कपाटात होत्या, त्यातल्या बहुतेक गेल्या. कारखान्याच्या बॅकअपचं कार्ड वरच्या मजल्यावर, आईच्या शिलाई मशीनच्या खणात राहिलं होतं, म्हणून ते आजही वापरात आहे.

डिस्कच्या तब्येतीची तपासणीही इथेच उरकून घ्या. फ्रीडॉसचं सीएचकेडीएसके हे साधन फॅट-32 पद्धतीने मांडलेली डिस्क तपासत नाही, त्यासाठी डॉसएफएससीके वापरावं लागतं. आधीच बिघडलेल्या डिस्कवर अपडेट चढवू नका.

पायरी 5: योग्य आवृत्ती उतरवा आणि आधी घरी चालवून बघा

1.4 अनेक रूपांत मिळते. लाइव्ह सीडी न बसवताही चालवून बघता येते. लेगसी सीडी ही लाइव्ह सीडीवरून बूट न होणाऱ्या जुन्या संगणकांसाठी. बोनस सीडीत जादा प्रोग्रॅम. पेनड्राइव्हसाठी फुल यूएसबी आणि लाइट यूएसबी. अगदी जुन्या यंत्रांसाठी फ्लॉपी एडिशन. पहिल्यांदा करणाऱ्याने लाइव्ह सीडी आणि लाइट यूएसबी या दोन घ्याव्यात, बाकी नंतर लागलं तर बघता येईल.

लाइट यूएसबीची प्रतिमा पेनड्राइव्हवर 'लिहायची' असते, नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस या मोफत साधनाने ते होतं. एक गोंधळ टाळा. रुफसमध्ये फ्रीडॉसचा स्वतःचाही पर्याय असतो, त्यातून फक्त बूट होण्यापुरता डॉस मिळतो. पॅकेजं आणि इन्स्टॉलर हवे असतील तर उतरवलेली प्रतिमाच निवडायची.

फ्रीडॉसला बायॉस लागतं. नुसतं यूईएफआय (बायॉसच्या जागी आलेली नवी पद्धत) असलेल्या नव्या लॅपटॉपवर हा पेनड्राइव्ह बूट होणार नाही. दुकानात "डॉसवाला लॅपटॉप" म्हणून विंडोजविना विकतात, तो बघून हा डॉससाठी खास असेल असं समजू नका.

आता संगणकाच्या आत नकली संगणक उभा करणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये सराव. नवं मशीन, प्रकार डॉस, मेमरी 64 एमबी, डिस्क 1 जीबी, नेटवर्क कार्ड पीसीनेट फास्ट थ्री आणि जोडणी एनएटी. फ्रीडॉसचं एफडीनेट पॅकेज अशा व्हर्च्युअल मशीनमध्ये नेटवर्क स्वतःच उभं करतं. ब्रिज्ड जोडणी घेतली की अडचणी सुरू होतात, एनएटीवरच राहा. सुरू होतानाच 'इनव्हॅलिड ऑपकोड' म्हणून अडकलं तर एफडीकॉन्फिग.सिसमधल्या जेमएक्स या मेमरी मॅनेजरच्या (मेमरीची वाटणी करणाऱ्या ड्रायव्हरच्या) ओळीत शेवटी नोव्हीएमई हा शब्द घालून बघा. आणि लॅपटॉपचा पंखा उगीच घरघरत असेल तर 'एफडीएपीएम एपीएमडॉस' ही आज्ञा द्या, रिकामा बसलेला डॉस प्रोसेसरला मग विश्रांती देतो.

प्रत्येक टप्प्याआधी व्हर्च्युअलबॉक्सचा स्नॅपशॉट (जिथे परत जाता येईल अशी त्या क्षणाची नोंद) घ्या. मी घरी ही उजळणी तीन वेळा केली, तेव्हा कुठे कारखान्यात दुसऱ्यांदा जायचा धीर झाला.

पायरी 6: तीन वाटांपैकी एक निवडा

*पहिली वाट: पूर्ण इन्स्टॉलर.* सीडी किंवा पेनड्राइव्हवरून बूट करून वरून 1.4 बसवायची. सोपी वाटते, आणि मी त्या रविवारी हीच घेतली होती. इन्स्टॉलर स्वतःची एफडीकॉन्फिग.सिस आणि एफडीऑटो.बॅट लिहितो. माझ्या जुन्या फाइलीत जेम-386 या मेमरी मॅनेजरच्या ओळीत एक छोटा तुकडा होता: एक्स=डी000-डी7एफएफ. त्याचा अर्थ असा की मेमरीतला हा पत्ता कार्डासाठी राखीव आहे, मेमरी मॅनेजरने तिथे शिरू नये. नव्या फाइलीत तो तुकडा नव्हता. मेमरी मॅनेजरने ती जागा रिकामी समजून घेऊन टाकली आणि कार्ड दिसेनासं झालं. तो तुकडा घातल्यावर संगणक पुन्हा सुरू केला, आणि पहिल्याच मापाला आकडा बरोबर आला. वहीत लिहून ठेवलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

म्हणून ही वाट नव्या किंवा हौसेच्या संगणकाला घ्या. 1.2 वरून येणाऱ्यांनाही मी हीच सांगेन, कारण 1.2 मध्ये सगळं 'एफडॉस' नावाच्या फोल्डरमध्ये असायचं आणि 1.3 पासून ते 'फ्रीडॉस' नावाच्या फोल्डरमध्ये गेलं. जुन्या पाथवर नवी पॅकेजं चढवली की अर्धं इथे, अर्धं तिथे होतं. इन्स्टॉलरमधून बाहेर पडून 'सेटअप एडीव्ही' अशी आज्ञा दिली की प्रगत पर्याय मिळतात. तो विभाजन किंवा फॉरमॅट करू का असं विचारेल तिथे थांबून वाचा, सवयीने एंटर दाबू नका.

*दुसरी वाट: नेटवर्कवरून एकेक पॅकेज.* यासाठी एफडीएनपीकेजी हे साधन आहे, ते 386 किंवा वरच्या प्रोसेसरवर चालतं. आधी नुसतं विचारायचं:

एफडीएनपीकेजी चेकअपडेट्स

नवं काय आहे त्याची यादी येते, बदल काही होत नाही. यादी रिकामी आली तर लगेच आनंदू नका. एफडीएनपीकेजी.सीएफजी या फाइलीत पॅकेजांच्या कोठारांचे पत्ते असतात. पत्त्यात 1.3 असा आकडा असेल तर साधन फक्त 1.3 च्याच कोठारात डोकावतं. फाइलीची नक्कल ठेवून पत्ता 1.4 चा करा आणि पुन्हा विचारा. मग एक पॅकेज घ्या:

एफडीएनपीकेजी अपडेट एक्सकॉपी

पॅकेजाचं नाव न देता नुसतं 'अपडेट' म्हटलं तर ते सगळीच पॅकेजं बदलायला घेतं. कामाच्या मशीनवर असं करू नये. काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते मग शोधता येत नाही.

खऱ्या जुन्या संगणकावर नेटवर्कसाठी नेटवर्क कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर लागतो आणि वायर लागते. वाय-फाय नाहीच असं धरून चाला. जोडणी झाली का ते बघायला मायकेल ब्रुटमन यांची एमटीसीपी साधनं फार चांगली आहेत: आधी डीएचसीपी, मग पिंग.

*तिसरी वाट: झिप फाइल नेऊन.* कारखान्यात मी शेवटी हीच वापरली. घरच्या संगणकावर हवी तेवढीच पॅकेजं उतरवायची, पेनड्राइव्हने न्यायची, सी ड्राइव्हवर कॉपी करायची आणि एफडीइन्स्ट या हलक्या साधनाने बसवायची:

एफडीइन्स्ट इन्स्टॉल सी:\नवे\मूव्ह.झिप

पॅकेज आधीच बसलेलं असेल तर साधन नकार देतं. आधी 'एफडीइन्स्ट रिमूव्ह मूव्ह' असं म्हणून जुनं काढावं लागतं. काढताना त्या पॅकेजाच्या यादीतली प्रत्येक फाइल पुसली जाते, तुम्ही हाताने सुधारलेली सेटिंगची फाइलसुद्धा. कोणत्या फाइली जाणार ते फ्रीडॉस फोल्डरमधल्या पॅकेजेस या उपफोल्डरात त्या पॅकेजाच्या नावाच्या, एलएसटी शेपटीच्या फाइलीत लिहिलेलं असतं. काढण्याआधी ती वाचा.

कीबोर्डवर आज्ञा देण्याचा कंटाळा असेल तर एफडीइम्पल्स आहे. सीडी लावलेली असली की ते पॅकेजांची यादी दाखवतं, हवं त्यावर खूण करायची. नवशिक्याला बरं, फक्त एका वेळी एकाच पॅकेजावर खूण करण्याची शिस्त ठेवा.

पायरी 7: क्रम पाळा, कर्नल शेवटी

माझा क्रम असा: आधी निरुपद्रवी साधनं, म्हणजे एक्सकॉपी, मूव्ह, हेल्प. मग एफडिस्क, फॉरमॅट. त्यानंतर मेमरी मॅनेजर. मग फ्रीकॉम. सगळ्यात शेवटी कर्नल, तेही नवं असेल आणि गरज असेल तरच. प्रत्येक पॅकेजानंतर संगणक बंद करून सुरू करायचा आणि आपला खरा प्रोग्रॅम एकदा चालवायचा. यात अख्खी दुपार जाते. जाऊ द्या.

मेमरी मॅनेजर बदलल्यावर 'मेम /सी' पुन्हा द्या आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघा.

पायरी 8: "अपडेट केलं, पण आवृत्ती तीच दिसते"

नव्या माणसाला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी जागा ही आहे.

पॅकेज बसतं तेव्हा त्याच्या फाइली फ्रीडॉस फोल्डरच्या बिन या उपफोल्डरात जातात. संगणक सुरू होताना मात्र कर्नल सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या कर्नल.सिस या फाइलीतून उचललं जातं. म्हणजे बिनमध्ये नवं कर्नल येऊन बसलं तरी बूट जुन्यानेच होतं. नवी फाइल स्वतः मुळाशी आणावी लागते, आणि त्याआधी जुनीची नक्कल दुसऱ्या नावाने ठेवावी लागते:

कॉपी सी:\कर्नल.सिस सी:\कर्नल.ओएलडी
कॉपी सी:\फ्रीडॉस\बिन\कर्नल386.सिस सी:\कर्नल.सिस

डॉसच्या आठ अक्षरांच्या मर्यादेत बसावं म्हणून या दुसऱ्या फाइलीच्या नावात कर्नलच्या स्पेलिंगमधला दुसरा 'ई' गाळलेला असतो. डीआयआर (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) करून नेमकं नाव बघा, मगच टाइप करा. बूट सेक्टर कर्नल.सिस ही फाइल नावाने शोधतो, त्यामुळे एवढी कॉपी पुरते. सिस ही आज्ञाही हेच काम करते, पण ती बूट सेक्टरही नव्याने लिहिते. त्याच डिस्कवर दुसरी एखादी प्रणाली नांदत असेल तर सिसपासून लांब राहा.

कमांड.कॉमचंही असंच. एफडीकॉन्फिग.सिसमध्ये शेल या शब्दाने सुरू होणारी ओळ बघा. तिच्यात ज्या पाथवरचं कमांड.कॉम लिहिलेलं असेल तेच चालतं. 1.3 मध्ये सहसा तो बिनमधला पाथ असतो, पण कोणी मुळाशी दुसरी प्रत ठेवून ओळ बदललेली असेल तर नवी प्रत तिथेही न्यावी लागेल. मग संगणक पुन्हा सुरू करून 'व्हीईआर /आर' द्या. आता आकडा बदललेला दिसेल.

पायरी 9: बूटच झालं नाही तर

घाबरून पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका. सुरू होताना एफ-5 दाबलं की दोन्ही सेटिंग फाइली वगळून नुसता डॉस येतो. एफ-8 दाबलं की एकेक ओळ विचारून चालवतो, कोणत्या ओळीवर अडकतं ते तिथेच दिसतं. सुरुवातीच्या मेनूत शेवटचा पर्याय ड्रायव्हरविना सुरू करण्याचा असतो, तोही वापरता येतो.

कर्नलच बिघडलं असेल तर यापैकी काही येणार नाही. लाइट यूएसबीवरून बूट करा, इन्स्टॉलरमधून बाहेर पडा आणि कर्नल.ओएलडी परत कर्नल.सिस म्हणून कॉपी करा. पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर ड्राइव्हची अक्षरं सरकलेली असू शकतात. तुमची डिस्क सी नसून डी झालेली असेल. डीआयआर करून खात्री झाल्याशिवाय काही लिहू नका.

अर्ध्या तासात सुटलं नाही, तर मूळ कार्ड परत बसवा आणि मशीन कामाला लावा. बिघडलेलं कार्ड घरी नेऊन शांतपणे बघता येतं.

आणखी दोन गोष्टी

फ्रीडॉसच्या दर महिन्याला चाचणी आवृत्त्याही निघतात. व्हर्च्युअल मशीनवर त्या जरूर चालवा, दोष दिसला तर कळवा, प्रकल्पाला त्याची मदत होते. कामाच्या मशीनवर त्या नकोत.

दुसरं, स्वारडॉस. हे फ्रीडॉसपासून निघालेलं पण आता वेगळं झालेलं डॉस आहे, एफडीएनपीकेजी लिहिणारे मातेउश विस्त यांनीच उभं केलेलं. त्याचं कर्नल डीआर-डॉस या आणखी एका जुन्या डॉसच्या वंशातलं आहे. तिथे मोठ्या आवृत्त्या नसतात, पॅकेजं सतत नवी होत राहतात. 'पीकेजीनेट चेकअप' म्हटलं की काय नवं आहे ते कळतं, 'पीकेजीनेट पुल' आणि पॅकेजाचं नाव दिलं की ते उतरतं, मग 'पीकेजी अपडेट' म्हणून ते बसवायचं. उतरवणं आणि बसवणं वेगळं ठेवल्यामुळे एका संगणकावर उतरवून दुसऱ्यावर नेणं सोपं जातं. 8086 किंवा 286 प्रोसेसरवर काही उभं करायचं असेल तर मी हल्ली आधी हेच घालून बघतो. कारखान्यात मात्र फ्रीडॉसच आहे, कारण काकांच्या प्रोग्रॅमची सगळी परीक्षा त्यावर झाली आहे.

शेवटची पायरी: चिठ्ठी

काम झाल्यावर एका कागदावर आजची तारीख, कर्नलचा क्रमांक, फ्रीकॉमची आवृत्ती, मोकळ्या मेमरीचा आकडा आणि हाताने घातलेल्या ओळी लिहा. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, पंख्यापासून दूर. काकांकडच्या चिठ्ठीत पहिलीच ओळ एक्स=डी000-डी7एफएफ ही आहे, लाल शाईत, आणि तिच्याखाली मूळ कार्ड कोणत्या खणात ठेवलंय ते.